हरली नाही, पण लढली कुणाशी?

तिला सगळे कुलूप म्हणत. दोन्ही मुठी गालांशी धरून ती रिंगमध्ये उभी राहिली की समोरचीला ठोसा घुसवायला बोटभर फट सापडत नसे. कधीतरी एका वार्ताहराने ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. रागावली की आईसुद्धा त्याच नावाने हाक मारायची. एकतीस लढती आणि एकतीस विजय. आता वयाचं छत्तिसावं वर्ष लागलं होतं. अजून एक लढत खेळायची आणि ग्लोव्हज खुंटीला टांगायचे, असं तिने जाहीर करून टाकलं.

जाहीर केलं मात्र, जिथे चार माणसं जमतील तिथे वाद सुरू. अर्धे म्हणत, अशी बॉक्सर झाली नाही, होणार नाही. उरलेले मान हलवत आणि म्हणत, "हरली नाही हो, कबूल. पण लढली कुणाशी?"

कुलूपला या वादाची मोठी गंमत वाटायची. एकदा हार्डवेअरच्या दुकानात दारासाठी बिजागरी घेताना पुढे उभे असलेले दोघं तिच्याच नावाने भांडत होते. तोंडाला सर्दीचा रुमाल बांधलेली ही मागून म्हणाली, "मला विचाराल तर ती नुसती नशीबवान आहे." त्यातला तिचा भक्त असा काही उसळला! "बाई, तुम्हाला बॉक्सिंगमधलं काय कळतं?" हिने मुकाट्याने बिजागरी घेतली आणि हसत घरी आली.

आपण काय आहोत हे तिला ठाऊक होतं. सकाळी आरशात बघताना ज्याला शंका येत नाही, त्याला दुसऱ्याच्या शंकेचं काय एवढं?

पण एका रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते आणि टीव्हीवर तोच वाद रंगला होता. त्यात मिशाळ बोलत होता. मिशाळ म्हणजे जुना विजेता, आता समालोचक. मिशा अजून तशाच झुपकेदार. तो म्हणाला, "हा विक्रम तिचा नाहीच. तिच्या भावाचा आहे. प्रतिस्पर्धी तोच निवडतो ना? आठ वर्षांपूर्वी डावरी ऐन भरात होती. तिने लढत मागितली आणि यांनी नाही म्हटलं. घाबरले, दुसरं काय!"

डावरी ही त्या काळची डावखुरी बॉक्सर. तिच्या डाव्या ठोशाने धडधाकट बायका झोपल्या होत्या.

"खोटारडा मेला," कुलूप घास गिळत म्हणाली. "डावरीनेच माघार घेतली होती. हो ना रे दादा?"

दादा आधी बस चालवायचा, मग बहिणीची कारकीर्द चालवायला लागला. दोन्हीकडे त्याने कधी गाडी ठोकली नव्हती. तो एरवी असल्या बोलण्यावर टीव्हीला उत्तरं द्यायचा. आज तो ताटात बघत होता.

"दादा?"

"मी नाही म्हटलं होतं," तो म्हणाला.

वहिनीने टीव्ही बंद केला. आईने पाण्याचा तांब्या उगाचच इकडचा तिकडे केला.

"तू मला सांगितलंस की ती मागे हटली."

"सांगितलं. तुझी भुवई फाटली होती तेव्हा, आठवतंय? टाके काढून आठवडा झाला नव्हता. ती लोकं तीन आठवड्यांत लढा म्हणत होती. डावरीचा डावा हात नेमका तिथेच बसला असता. डोळा गेला असता तुझा. मी नाही म्हटलं आणि उद्या तशीच वेळ आली तर पुन्हा म्हणेन."

"मग नंतर? भुवई भरल्यावर?"

"नंतर ती दुसरीशी लढली, त्यात तिचाच खांदा निखळला, संपलं. मी काय करू?"

त्याच्या बोलण्यात चूक काढण्यासारखं फारसं नव्हतं, आणि म्हणूनच कुलूपला जास्त राग आला. ती उठली. "तू नाही म्हटलंस त्याचं मला काही नाही. पण भुवई माझी, डोळा माझा. मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस!"

"मग?"

"मग काय मग! म्हणूनच नाही विचारलं!"

"भांडा, भांडा," आई म्हणाली. "ताट तेवढं संपवा आणि मग भांडा."

ताट संपवून ती जिममध्ये गेली. जिम म्हणजे बर्फाच्या बंद पडलेल्या कारखान्याची एक लांबलचक खोली. भिंतींना अजून जाड बुचाचं अस्तर होतं, त्यामुळे पिशवीवर कितीही जोरात ठोसे मारले तरी बाहेर आवाज जात नसे. उस्ताद स्टुलावर बसून हाताला बांधायच्या पट्ट्यांची गुंडाळी करत होते. तिला पहिला ठोसा शिकवला तो त्यांनीच, आणि शेवटचाही तेच शिकवणार होते.

"डावरीचं तुम्हाला माहीत होतं?" तिने दारातूनच विचारलं.

"होतं."

"मला का नाही सांगितलं?"

"तू कुठे विचारलंस?" उस्तादांनी गुंडाळी बाजूला ठेवली. "आता विचार, हरली असतीस का म्हणून. तेही सांगतो."

"सांगा."

"मला माहीत नाही. आणि तुलाही नाही."

ते मात्र तिला टोचलं. पिशवीवर तिने तासभर हात चालवले, पण ती टोचणी काही जाईना. हरण्याची भीती नव्हती तिला. पण आपल्याला एक गोष्ट माहीत नाही आणि ती आता कधीच कळणार नाही, हे तिच्या स्वभावात बसत नव्हतं.

दादाने शेवटच्या लढतीसाठी मोठं सभागृह ठरवलं होतं आणि प्रतिस्पर्धी म्हणून एक शांत, नेमस्त बाई. दोन-चार फेऱ्या हसतखेळत व्हाव्यात, मग फुलं, फोटो, टाळ्या, असा बेत. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप त्याच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसली.

"ती बाई नको. डावरी आता एका पोरीला शिकवते. तीही डावखुरीच. म्हणतात, ठोसा हुबेहूब गुरूचा आहे."

दादा दाढी करत होता. त्याचा हात थांबला. "ती चोवीस वर्षांची आहे. आत्तापर्यंतच्या सगळ्याजणींना तिने आडवं केलंय."

"म्हणून तर."

"अगं, शेवटची लढत! सगळं जिंकून झालंय. शेवटच्या पायरीवर कशाला उडी मारायची? मी नाही करणार हा फोन. करायचंच असेल तर माझ्याशिवाय कर."

"तुझ्याशिवाय मी कधी काही केलंय का?" ती म्हणाली. "फोन तूच करायचास. आणि माझ्यासमोर."

अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून दादाने फोन लावला. पलीकडून डावरीचा घोगरा आवाज आला. दादाने नाव सांगितलं, काम सांगितलं. लगेच अख्ख्या खोलीत ऐकू जाईल असं हसू. "आठ वर्षं लावलीत हो फोन करायला! लाइन खराब होती का?"

दादाचा उरलेला गाल लाल झाला. कुलूप उशीत तोंड खुपसून हसत राहिली.

मग सराव. उस्तादांनी दोन डावखुरे मुलगे आणून तिच्यासमोर उभे केले. डावखुऱ्याशी लढताना सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं. जिथून ठोसा येणार नाही असं वाटतं, नेमका तिथूनच येतो. उस्ताद एकच गोष्ट घोकून घेत. "तिच्या पुढच्या पायाच्या बाहेर तुझा पाय. पाय बाहेर असेल तर तुझा उजवा तिच्या नाकावर. पाय आत राहिला, तर तिचा डावा तुझ्या." कुलूप रोज चुकायची, रोज मार खायची आणि रोज संध्याकाळी सुजलेल्या ओठाने आनंदात जेवायची. असं नवीन काही शिकून तिला कितीतरी वर्षं झाली होती.

लढतीच्या संध्याकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मिशाळ समालोचनाला होताच. आई कधी नव्हे ती पुढच्या रांगेत येऊन बसली होती.

पहिल्या फेऱ्या कुलूपने सहज काढल्या. पाय बाहेर, उजवा नाकावर. पाय बाहेर, उजवा नाकावर. पोरगी चांगली होती, पण घाईची होती. पाचव्या फेरीत कुलूपने खांदा नुसता झुकवला, पोरगी त्या हुलकावणीला फसली आणि उजवा असा बसला की तिच्या डोळ्याखाली लगेच टेंगूळ आलं. सभागृह उठून उभं राहिलं. कुलूपला वाटलं, झालं. मनातल्या मनात तिने ग्लोव्हज टांगलेसुद्धा.

सातव्या फेरीत तिचा पाय आत राहिला. फक्त एकदाच.

ठोसा तिला दिसला नाही. दिसलं ते सभागृहाचं छत, दिव्यांच्या दोन रांगा, आणि कानात कुणीतरी आकडे मोजतंय. बारा वर्षांत ती पहिल्यांदाच पाठीवर पडली होती. भीती वाटायला हवी होती, पण वाटलं ते नवल. अच्छा, म्हणजे असं असतं तर! आठाच्या आकड्यापर्यंत ती गुडघ्यावर आली आणि उभी राहिली. पंचांनी डोळ्यांत बघून, लढणार का, विचारलं तेव्हा होकाराची मान हलवली आणि उरलेली फेरी दोरांना टेकून, मुठी गालांशी दाबून कशीबशी काढली.

कोपऱ्यात स्टूल आलं. उस्ताद बर्फ लावत होते. दादा समोर गुडघ्यांवर बसला होता, हातात टॉवेल. भुवई पुन्हा फाटली होती, तीच आणि तिथेच.

"थांबवू?" त्याने विचारलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्याने तिला कधी विचारला नव्हता. ठरवायचा आणि मोकळा व्हायचा.

"नको."

"डोळ्याने दिसतंय?"

"एकाने तुझं तोंड दिसतंय. तेवढं पुरे."

दादाने टॉवेल खांद्यावर टाकला. "मग पाय बाहेर ठेव ना, गाढवे! किती वेळा सांगितलं उस्तादांनी!"

आठवी फेरी पोरीची होती. नववीत कुलूप एक डोळा मिटून लढली आणि तिला एक गंमत कळली. एका डोळ्याने सगळं दिसत नाही, म्हणून माणूस नको त्याच्याकडे बघत नाही. तिने फक्त पोरीच्या पायाकडे बघितलं. दहाव्या आणि शेवटच्या फेरीत दोघी रिंगच्या मधोमध उभ्या राहून ठोशाला ठोसा देत होत्या. घंटा झाली ती त्यांना ऐकूच आली नाही, पंचांना दोघींच्या मध्ये घुसावं लागलं. पोरीने कुलूपच्या मानेभोवती हात टाकले आणि हुंदका दिला. कुलूपने तिच्या पाठीवर थोपटलं.

निकाल सांगणारा माइकपाशी आला. एका पंचाच्या मते कुलूप, दुसऱ्याच्या मते पोरगी, तिसऱ्याच्या मते दोघी समान. बरोबरी.

सभागृहात क्षणभर कुणालाच कळेना, टाळ्या वाजवायच्या की शिव्या द्यायच्या. मग दोन्ही सुरू झालं. "बघा, हरली नाही!" "बघा, जिंकली नाही!" मिशाळ माइकमध्ये ओरडून सांगत होता की आपलं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं, आणि त्याच्या शेजारचा तितक्याच जोरात सांगत होता की ते साफ खोटं ठरलं. रिंगमध्ये उभ्या कुलूपला एकाएकी हसू फुटलं. भुवई दुखली, तरी ती हसत राहिली. निकाल काहीही लागला असता तरी तिला हवं होतं ते सातव्या फेरीतच मिळालं होतं. आपण पडतो, आणि पडलो की उठतो.

कपडे बदलायच्या खोलीत डॉक्टर टाके घालत होते तेव्हा डावरी आत आली. कानांपाशी केस पांढरे झालेले, एक खांदा अजून जरा खाली. दादा उठून उभा राहिला. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, तो असा की दोघांपैकी कुणीही वाकणार नाही.

"त्या वेळी मी तुला पाडलं असतं," डावरी कुलूपला म्हणाली.

"पाडलं असतंस," कुलूप म्हणाली. "मग मी उठले असते."

"हो," डावरी म्हणाली. "आज ते बघितलं." मग दादाकडे वळली. "आणि तुम्ही नाही म्हटलंत ते बरंच केलंत. मी त्या भुवईवरच मारणार होते."

"मला माहीत होतं," दादा म्हणाला.

तिच्या मागून पोरगी डोकावली. एक डोळा पार मिटलेला. ती सरळ कुलूपसमोर येऊन उभी राहिली. "पुन्हा लढा माझ्याशी. बरोबरी म्हणजे काही खरं नाही."

दादाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"नाही," कुलूप म्हणाली. हे म्हणताना आपल्याला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. भरपेट जेवून झाल्यावर वाढप्याला नको म्हणावं, तसं ते सहज तोंडातून गेलं. "माझं झालं. आता तू आहेस."

पोरीचा चेहरा पडला. जाता जाता ती दारात थबकली. "निदान एक तरी सांगा. पाचव्या फेरीतला तो उजवा. आला कुठून? मला दिसलाच नाही."

डॉक्टर टाक्याची गाठ मारत होते. "हलू नका," ते म्हणाले.

"दोनच मिनिटं," म्हणत कुलूप अनवाणीच उठली. पोरीला तिने खोलीच्या मधोमध उभं केलं आणि तिचा पुढचा पाय आपल्या पायाने हलकेच सरकवला. "इथे उभी राहा. आता माझ्या खांद्याकडे बघ. चुकलीस! तिथेच फसलीस तू."