तियाचा गोंडा

ग्रासिएलाचा डावा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत होता आणि गाल गाईच्या पुठ्ठ्याला टेकला होता. डोळे मिटून तिनं जरा चाचपलं आणि ओरडली,

"गाभण!"

गाय अडकवायच्या खोड्याच्या पुढच्या टोकाला उभ्या असलेल्या गड्यानं, विल्सननं, उजवं फाटक उघडलं. सुटल्याबरोबर गाय कुरणाकडे उधळली.

"रिकामी" असं ऐकू आलं की काम रुफिनोचं. मोठ्या कातरीनं शेपटीचा गोंडा कापायचा. ताक्वारेम्बोच्या माळावर बिनगोंड्याची गाय दिसली तर कोणी काही विचारत नाही. तिच्यासाठी डावं फाटक, तिथून ट्रक आणि ट्रकमधून खाटीकखाना. सकाळपासून रुफिनोच्या बुटांपाशी तांबड्या-पांढऱ्या केसांचा ढीग जमला होता, आणि प्रत्येक गोंड्याबरोबर तो थोडा अधिक गप्प होत होता. एरवी हा माणूस गाईंशीसुद्धा गप्पा मारायचा.

त्याच्या पोरीनं, ग्रासिएलानं, शहरातली नोकरी सोडली, घरी आली आणि दोन वर्षांत सगळं उलथंपालथं केलं. पूर्वी त्याचे वळू बारा महिने कळपात हिंडत आणि वासरं वाटेल तेव्हा जन्मत. बाजारात नेताना एक वासरू घोड्याएवढं, तर दुसरं कुत्र्याएवढं. तिनं वळू फक्त उन्हाळ्यापुरते सोडले. पहिलटकरणींसाठी लहान चणीची वासरं देणारा वळू शोधून आणला. वासरं आईच्या दुधावरून लवकर तोडली, म्हणजे आयांच्या अंगावर मांस चढेल आणि त्या पुन्हा माजावर येतील. "गाईंना कॅलेंडर कुठं कळतं!" असं कुरकुरत रुफिनोनं सगळं केलं. यंदाची वासरं बघायला तर शेजारी कुंपणापाशी गाड्या थांबवायचे, तेव्हा हा छाती काढून उभा राहायचा.

अडलं ते शेवटच्या गोष्टीवर. जी रिकामी राहील ती जाणार, मग ती कोणीही असो.

"एकीला जरी माफी दिलीत ना बाबा, तरी मी परत शहरात, माँतेविदेओला," ती जेवणाच्या टेबलावर म्हणाली होती. "लाडाच्या गाई सांभाळायला मी आलेली नाही."

रुफिनोनं माते नावाच्या कडू पानांच्या चहाचा घोट घेतला, पुन्हा गरम पाणी ओतून भोपळ्याचा पेला तिच्याकडे सरकवला आणि म्हणाला, "बरं."

आता खोड्यात तिया आली.

तिया म्हणजे मावशी. आईवेगळ्या वासरांना ती पाजायची म्हणून हे नाव पडलं. ती स्वतःही आईवेगळीच. ग्रासिएलाच्या आईनं स्वयंपाकघरात चुलीपाशी ठेवून, बाटलीनं दूध पाजून तिला जगवलं होतं. त्याच हिवाळ्यात आई गेली. तिच्या हातून वाढलेलं असं या घरात एवढंच उरलं होतं, आणि हे दोघांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

ग्रासिएलानं हात आत घातला. तिला वेळ लागला. गाल पुठ्ठ्यावरून उचलून तिनं दुसऱ्या बाजूनं टेकला, आणि बापाकडे न बघता म्हणाली,

"गाभण."

आणि नाक ओढलं. लहानपणी साखर चोरून खाल्ली की अशीच ओढायची.

खोटं ओळखायला रुफिनोला त्या नाकाचीही गरज नव्हती. वळू काढून घेतल्यावरही तिया माजावर आलेली, म्हणजे रिकामीच राहिलेली, त्यानं पाहिली होती आणि कोणाला सांगितलं नव्हतं. त्यानं तियाची शेपटी हातात घेतली, अंगठ्यानं तिच्यातले काटे काढले, आणि गोंडा कापला.

"बाबा! मी गाभण म्हटलं!"

"ऐकलं मी."

तिकडे विल्सन ओरडला, "कोणती बाजू?"

"उजवी!" ती म्हणाली.

"डावी," तो म्हणाला.

विल्सननं दोन्ही फाटकांवरचे हात काढून घेतले. "बापलेकीचं काय ते ठरू द्या. तोवर मी जेवून येतो."

"तिला विचार," रुफिनो म्हणाला. "कळप तिचा आहे."

ग्रासिएलानं हात बाहेर काढला. कोपरावरून शेण ओघळत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. हे वाक्य ऐकण्यासाठी ती दोन वर्षं भांडली होती, आणि ते असं, तियाच्या पाठीवरून ऐकू येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"मी नुसतीच धमकी दिली होती, बाबा," ती हळूच म्हणाली. "मी कुठंही जाणार नव्हते."

"ते माहीत आहे मला."

"मग कापलंत कशाला?"

रुफिनो कातरीच्या पात्यात अडकलेले केस एकेक करून काढत बसला.

"माझ्या बापानं माझ्या सांगण्यावरून एक गाय काढली नाही. काहीही म्हटलं की 'बघू'. मरेपर्यंत 'बघू'. कळप माझ्या हाती आला तेव्हा डोकं पांढरं झालं होतं, आणि काही करून बघावं ही हौसच उरली नव्हती. बाकीच्या गाई काढणं सोपं होतं, पोरी. कळप खरंच तुझा झाला, हे तेवढ्यावरून तुला कसं कळलं असतं?"

ग्रासिएलानं तियाच्या कमरेवर कपाळ टेकलं. तियाला असल्या गोष्टींची सवय होती. ती रवंथ करत उभी राहिली.

"डावीकडे, विल्सन," ग्रासिएला शेवटी म्हणाली.

फाटक उघडलं. तिया कधी उधळायची नाही, आताही उधळली नाही. सावकाश आत गेली आणि हौदाला तोंड लावलं. ती पाणी पिऊन होईपर्यंत दोघं तिच्याकडे बघत राहिली. रुफिनो रडत होता आणि ते लपवतही नव्हता.

मग मागची गाय खोड्यात आली. ग्रासिएलानं बाहीला नाक पुसलं, हात आत घातला, आणि काहीतरी म्हणाली.

"काय?" विल्सन ओरडला. "काय म्हणाली?"

तिनं पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, पण आवाज फुटला नाही. तेव्हा रुफिनोनं तिच्या ओठांकडे बघितलं आणि तिच्या वतीनं, माळभर ऐकू जाईल असा, ओरडला,

"गाभण!"