प्रशस्तिपत्राखालचा शब्द

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मी एक जुना पडदा आहे. आज तुमच्या वर्गात फळ्याशेजारी टांगलेला आहे आणि तुम्हाला बेडकाची आतडी दाखवतो आहे. पण एके काळी माझ्या अंगावरून रोज चारशे ट्रक धावत असत, आणि बघा शोधून, एक ओरखडा सापडतो का!

मी कारखान्यातून निघालो तो थेट एका मालवाहतूक कंपनीत. ज्या खोलीतून कुठली गाडी कुठून कुठे जायची ते ठरे, त्या खोलीच्या भिंतीवर मला टांगलं. खोलीला खिडकी नव्हती. बाहेरचं जग माझ्यातूनच दिसायचं. माझ्यावर रस्त्यांचा नकाशा, आणि रस्त्यांवर ठिपके. वेळेवर चाललेली गाडी हिरवी, रेंगाळलेली पिवळी, अडकलेली लाल. माझ्याआधी गाड्यांवर देखरेख करणारे मुकादम दोन्ही कानांना दोन फोन लावून "कुठं मेलास रे?" असं ओरडत असत. मी आलो आणि त्यांचा घसा बरा झाला. एकदा तर माझे इतके ठिपके लाल झाले की शिपायाने आगीचा बंब बोलावला. खोटं वाटेल, पण बंब आला होता.

मला खरी अक्कल दिली ती नियोजनाच्या ताईने. दुपारी जेवणानंतर ती संगणकावर खोटे ट्रक सोडायची. खोटा पाऊस पाडायची, खोटा पूल मोडायची आणि मग काय होतं ते माझ्यावर बघायची. इतकी काटेकोर, की खोट्या ड्रायव्हरलाही चहाची वीस मिनिटं द्यायची.

"आणि बिडीची?" मुकादम विचारत.

"ती चहातच ओढायची," ताई म्हणायची.

हे चालू असताना माझ्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक पिवळा शब्द पेटे : सराव. कुणी खोट्या ट्रकना खरे समजू नये म्हणून.

अशाच सरावात ताईने शंभर वेळा घाट बंद पाडला. त्यातल्या सत्तर वेळा दवाखान्यांचा माल उशिरा पोचला. तिने मोठ्या साहेबांना बोलावून ते सगळं माझ्यावर दाखवलं आणि घाटापलीकडच्या छोट्या गोदामात थोडा माल कायम ठेवायला लावला. साहेब कुरकुरले, पण पुढच्याच महिन्यात घाटात दरड कोसळली आणि एकाही दवाखान्याचं काही अडलं नाही. साहेब खूश! त्यांनी आमच्या खोलीला प्रशस्तिपत्र दिलं, आणि ते चिकटवलं कुठे? माझ्यावरच. खालच्या उजव्या कोपऱ्यात.

"साहेब, तिथे अक्षरं येतात," ताई म्हणाली.

"अहो, कोपऱ्यात कोण बघतं? भिंतीची शोभा वाढते."

मला रोज पुसायला एक मावशी येत. प्रशस्तिपत्राच्या कडेला धूळ साचायची, तेव्हा त्यांचा हात तिकडे जायचा. "मावशी, त्याला हात लावायचा नाही," असं मुकादम दटावत. मावशी कडेकडेनं फडकं फिरवत.

आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. तो कोपरा झाकला गेला याचं मला बरं वाटत होतं. 'सराव' हा शब्द मला कमीपणाचा वाटायचा. त्यावर सोनेरी अक्षरांत 'उत्कृष्ट' आलं, तेव्हा मी फुगून बसलो.

मग तो दिवस आला. ताई पुढच्या आठवड्याच्या गाड्यांचा सराव करत होती. घरून फोन आला. तिची आई जिन्यावरून पडली होती. ताई पर्सही न घेता धावली. खोटे ट्रक माझ्यावर तसेच चालू राहिले, हिरवेगार. थोड्या वेळाने मुकादम जेवून आले. ताई दिसली नाही, पण भिंत हिरवी दिसली. ते निवांत बसले.

तीन वाजता घाटापलीकडच्या मुलांच्या दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला.

"ऑक्सिजनचे सिलिंडर सहापर्यंतच पुरतील. गाडी येतेय ना? नाहीतर मी दुसरीकडून मागवतो."

"अहो डॉक्टरसाहेब, गाडी मला समोर दिसतेय. साडेचारला तुमच्या दारात. बिनघोर राहा."

मित्रांनो, खरी गाडी दुपारपासून घाटात बंद पडून उभी होती. ड्रायव्हरच्या फोनला रेंज नव्हती. खरा ठिपका लाल होता, पण तो मी दाखवतच नव्हतो.

साडेचारला पुन्हा फोन आला.

"गाडी कुठे आहे?"

"पोचली की! दारातच आहे तुमच्या."

"माझ्या दारात एक कुत्रं झोपलंय. अकरा मुलं आहेत वॉर्डात, मुकादम. नीट बघून सांगा."

मुकादमांनी माझ्याकडे पाहिलं. ठिपका हिरवा, दवाखान्याच्या अगदी दारात. त्यांनी डोळे चोळले. त्यांचा विश्वास फोनवरच्या माणसापेक्षा माझ्यावर जास्त होता, हे आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आणि तेव्हा, मित्रांनो, मी पराक्रम केला. खोलीत मुकादमांशिवाय कुणी नव्हतं. मी सगळं बळ एकवटलं. आधी खिळे थरथरले, मग भिंत. असा काही झटका दिला अंगाला, की प्रशस्तिपत्र टरकन फाटून टेबलावर येऊन पडलं! कोपऱ्यात तो पिवळा शब्द लखलखला. मुकादमांनी वाचला, कपाळावर हात मारला आणि माझ्यावर खऱ्या गाड्या लावल्या. घाटात लाल ठिपका! त्यांनी छोट्या गोदामाला फोन केला. ताईने ठेवायला लावलेले सिलिंडर तिथे होतेच. सहाला दहा कमी असताना ते दवाखान्यात पोचले. अकराच्या अकरा मुलं वाचली.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. आमच्यासारख्या पडद्यांची निगा राखा. आमचे कोपरे झाकू नका, कारण वेळ आली की आम्हीच जिवाची पर्वा न करता...

"खोटं बोलतोयस."

तिसऱ्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली होती.

"खोलीत माझी आजी होती. तुला पुसायला आली होती. मुकादम रडकुंडीला आले तेव्हा तिनं विचारलं, 'साहेब, ह्या कागदाखाली काय लिहिलंय ते बघायचं का?' ते तुझ्याकडेच बघत राहिले, म्हणून तिनंच नखानं कागद काढला. तिला वाचता येत नाही, पण तिथे अक्षरं पेटतात हे तिनं पुसताना पाहिलं होतं. तू हललाबिलला नाहीस. कागद निघाला तेव्हासुद्धा तू हिरवाच होतास."