पाचवी शेंग

मित्रांनो, मी भोपळ्याची एक जुनी वाटी आहे. मी पाणी प्यायची वाटी नाही आणि धान्य घालायचीही नाही. सत्तेचाळीस वर्षं मी एकच काम करत आले आहे. मी बिअर चाखायची वाटी आहे.

माझा जन्म नांदोम गावाजवळच्या एका घराच्या धाब्यावर झाला. आयुओ लग्न होऊन त्या घरात आली आणि त्याच पावसाळ्यात तिनं माझा वेल लावला. मी वेलावर लटकून नाही, धाब्यावर आडवी पडून मोठी झाले, म्हणून माझी एक बाजू अजून जराशी चपटी आहे. वेल वाळल्यावर आयुओनं मला बोटांनी टकटक वाजवून पाहिलं आणि मधोमध कापलं. माझी जुळी बहीण रांजणावर गेली आणि दोनच वर्षांत शेळीच्या पायाखाली संपली. मला मात्र उकळून, खरवडून, उन्हात सुकवून गुळगुळीत केलं. आयुओच्या नवऱ्यानं, बायोरनं, तापलेल्या सुरीनं माझ्या पाठीवर एक सरडा काढला.

"याला पाच पाय कसे?" आयुओनं विचारलं.

"पाचवा पाय नाही, ती शेपटी आहे."

"मग शेपटीला बोटं कशाला?"

दोघंही इतकी हसली की मला वाटलं, चला, घर चांगलं मिळालं.

आयुओ घरी ज्वारीची बिअर करायची. बाजारात तिला 'पितो' म्हणतात. तुम्हांला हसू येईल, पण नावच तसं आहे. ज्वारीला मोड आणायचे, ते वाळवून दळायचे, पीठ पाण्यात कालवून मोठ्या मडक्यांत दोनदा उकळायचं, गार करायचं आणि मागच्या बिअरचं विरजण घालायचं. विरजण घालण्याआधीचं ते तपकिरी गोड पाणी गल्लीतल्या मुलांसाठी असे. विरजण पडलं की मुलांनी लांब व्हायचं आणि मोठ्यांनी वाट बघायची.

बायोर लॉरी चालवायचा. वा नावाचं गाव, बोल्गातांगा, तामाले, कधी कधी पार कुमासीपर्यंत. जाईल तिथली बिअर तो डब्यात भरून घरी आणायचा. एकदा एका डब्यात कोंकोम्बा लोकांची आणि दुसऱ्यात टोगोकडच्या एका बाईची बिअर होती. आयुओनं शेजारी आपलंही मडकं आणून ठेवलं.

"सांग आता. कुणाची चांगली?"

बायोर हुशार. तोंडानं उत्तर देण्यात धोका आहे हे त्याला कळलं. त्यानं मला हातात घेतलं, तिन्ही बिअर चाखल्या आणि अंगणात वाळत घातलेल्या भुईमुगाच्या शेंगा उचलून मडक्यांपुढे मांडल्या. कोंकोम्बांच्या डब्यापुढे दोन, टोगोवालीपुढे तीन, आयुओपुढे चार.

"आणि पाचवी?"

"पाचवी अजून शेतात आहे," बायोर म्हणाला. "तू विरजण घालायची घाई करतेस, आयुओ. अजून कोमट असतानाच घालतेस. मागून एक कडवट चव येते."

"भुकेला नवरा दारात उभा असला की घाई होणारच!"

मित्रांनो, त्या दिवसापासून ती त्या घराची रीतच झाली. दर बाजाराच्या दिवशी अंगणातल्या झाडाखाली नवनव्या बिअर यायच्या. बायोर आधी रंग बघायचा. मग मला नाकाशी धरून वास घ्यायचा. मग एकच घोट, डोळे मिटून, तोंडात सगळीकडे फिरवून. आणि मग खरं तेच सांगायचं, समोर कुणीही बसलेलं असो. कोंकोम्बांची आंबट, उन्हातून आलेल्या माणसाला बरी. टोगोवालीची गोड, लाडावलेल्या पोरीसारखी. फ्राफ्रा लोकांची कोमट आणि दाट, जेवणच जणू. एकदा त्यानं आक्राहून बाटलीतली बिअरही आणली होती. तिला त्यानं शेंग मोडून अर्धी दिली. "नुसता गारवा आहे. तो गेला की उरतं काय?"

शेजारी आवुनी नावाचा गवंडी राहायचा. तो फ्राफ्रा जमातीचा. फ्राफ्रा आणि आम्ही दागारा यांच्यात चेष्टेचं नातं आहे, एकमेकांना कितीही बोललं तरी रागवायचं नाही. तो कुंपणावरून ओरडायचा, "अरे ए दागारा, तुमच्या लोकांना चव कळते का? आमच्या जेवणातली कुत्र्याची मुंडी पळवण्यापलीकडे काही येतं का तुम्हांला?" आणि बायोर म्हणायचा, "ये, ये. तुझ्या बायकोनं पाठवलेलं चाखतोय. पाणी छान तापवलंय तिनं."

हळूहळू बायोरच्या शेंगांना मान आला. लग्न असो, मयत असो, चर्चचा सुगीचा सण असो, बिअर करणाऱ्या बायका आधी त्याच्याकडे यायच्या. त्यानं चार शेंगा दिल्या की त्या मान वर करून बाजारात जायच्या. पाच कुणालाच मिळाल्या नव्हत्या. आयुओला तर मुळीच नाही. सुगीच्या सणाची बिअर सलग अकरा वर्षं तिच्या मडक्यांतून गेली, पण घरात ती चारवरच राहिली. ती वरवर हसायची. पण मला धुताना पुष्कळदा पुटपुटायची, "मरायच्या आधी एकदा देईल की नाही हा माणूस?"

मग ते वाईट वर्ष आलं. उत्तरेकडून धुळीचा कोरडा वारा सुटला होता. बायोरचं लॉरी चालवणं कधीच सुटलं होतं, तो सत्तरीला टेकला होता. त्याला ताप आला. बारा दिवस तो उठला नाही. आयुओ त्याला लापशी भरवायची, कपाळावर ओलं फडकं ठेवायची. तेराव्या दिवशी तो उठून बसला आणि घरात आनंदीआनंद झाला.

पण बाजाराच्या दिवशी त्यानं मला उचललं तेव्हा मला काहीतरी निराळं वाटलं. त्यानं मला नाकाशी धरलं, पुन्हा धरलं, तिसऱ्यांदा धरलं. मग घोट घेतला. त्याची जीभ माझ्या काठावर नुसती पडून राहिली, अनोळखी घराच्या दारात माणूस उभा राहतो तशी. त्यानं डोळे मिटले नाहीत. बिअर आणणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि चार शेंगा ठेवल्या.

त्याची चव गेली होती, वासही गेला होता. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मी बोलू शकत नव्हते. तो फेस बघून, रंग बघून, समोरच्या माणसाचे डोळे बघून अंदाजानं शेंगा मांडू लागला. कुणालाच नाराज करीनासा झाला. लोक म्हणाले, बायोरबाबा आजारातून उठल्यापासून मऊ झाले.

तीन महिने असे गेले. एके दिवशी आयुओचं मडकं तळाशी करपलं. जळका वास सगळ्या अंगणात पसरला होता. ती मडकं उपडं करणारच होती, पण तिला गंमत सुचली. तिनं त्यातलीच बिअर माझ्यात ओतली आणि बायोरपुढे धरली. आता हा तोंड वेडंवाकडं करील, थुंकेल, आपल्याला बोलेल, म्हणून ती आधीच हसत होती.

बायोरनं घोट घेतला. तिच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग शेंगा उचलून एकेक मांडल्या. एक, दोन, तीन, चार. आणि जरा थांबून पाचवी.

"पाच," तो म्हणाला. "घे. आज झाली खरी."

आयुओच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यानं मला तिच्या हातात दिलं, पण तिची नजर त्या पाचव्या शेंगेवरच होती. मी निसटले आणि जात्याच्या दगडावर आपटले. काठापासून मध्यापर्यंत मला तडा गेला.

"खुळी! आनंदानं वाटी फोडलीस," बायोर म्हणाला.

ती कणगीच्या मागे गेली आणि बराच वेळ आली नाही. बायोरनं मला मांडीवर घेतलं, तड्याच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडली आणि काळ्या दोऱ्यानं मला शिवलं. त्याचे हात अजून पक्के होते.

चारच दिवसांनी सुगीच्या सणाची बिअर ठरवायची होती. या वर्षी आयुओच्या मडक्याबरोबर गावातल्या तरुण क्लोतिल्दाचंही मडकं आलं होतं. तिचा नवरा आदल्या वर्षी वारला होता. सणाचं काम मिळालं तर गावभर नाव होईल, वर्षभर गिऱ्हाइकं दाराशी येतील, एवढी एकच आशा तिला होती. चर्चचे धर्मशिक्षक आले, कुंपणावरून उतरून आवुनीही आला. दोन मडकी पुढे ठेवली गेली.

बायोरनं मला घेतलं. तेवढ्यात आयुओ पुढे झाली.

"थांब. वाटी नवीन शिवलेली आहे, दोऱ्याचा वास लागला असेल. आधी मी बघते." तिनं आपल्याच बिअरचा घोट घेतला. मग मला बायोरच्या हातात देऊन खालून त्याच्या तळव्याला आपला हात लावला. "टाक्यांतून गळते ही. मी धरते, तू पी."

बायोर प्यायला. आणि खाली, कुणाला दिसणार नाही असा, आयुओच्या बोटानं त्याच्या तळव्यावर ठोका दिला. एक. दोन. तीन. चार. मग बोट थांबलं.

बायोरनं मान वर करून तिच्याकडे बघितलं. मित्रांनो, मी त्या दोघांच्या हातांमध्ये होते. हिला सगळं ठाऊक आहे, हे त्याला त्या क्षणी समजलं. त्यानं चार शेंगा ठेवल्या.

मग क्लोतिल्दाची बिअर. आयुओनं घोट घेतला आणि तिचे ओठ माझ्या काठावर कितीतरी वेळ राहिले. ती बिअर खरंच वेगळी होती. आधी गोड, मग किंचित आंबट, आणि शेवटी तोंड स्वच्छ. कडवटपणाचा लवलेश नाही. आयुओनं मनात आणलं असतं तर तीनच ठोके देऊन ती मोकळी झाली असती. सण तिच्याकडे राहिला असता आणि कुणालाही कळलं नसतं. क्लोतिल्दा खाली बघत अंगावरच्या कापडाचं टोक पिळत होती.

एक. दोन. तीन. चार. मध्ये एक श्वास गेला. पाच.

बायोरनं पाच शेंगा मांडल्या. धर्मशिक्षक चकित झाले. क्लोतिल्दाला रडू फुटलं आणि ती गुडघ्यांवर बसली. पण बायोर म्हणाला, "ऊठ पोरी. माझे आभार मानू नकोस. मला काहीच लागत नाही. तापानंतर जिभेला चव नाही, नाकाला वास नाही. तीन महिने मी तुम्हां सगळ्यांना फसवतोय."

मग आवुनी म्हणाला, "तरीच! गेल्या महिन्यात माझ्या बायकोच्या बिअरला चार दिल्यास. मला तेव्हाच शंका आली होती. पण म्हटलं, म्हातारपणी दागारा सुधारला असेल!"

सगळे हसले, बायोरही हसला, आणि हसता हसताच त्यानं डोळे पुसले.

"मग या पाच शेंगा कुणी दिल्या?" धर्मशिक्षकांनी विचारलं.

बायोरनं आयुओकडे बोट दाखवलं. क्लोतिल्दा तिच्याकडे बघतच राहिली. "आई, तुम्ही? मला?"

"मी कशाला देतेय? तुझी बिअर होतीच तशी," आयुओ जरा रागानंच म्हणाली. "विरजण कधी घातलंस?"

"पूर्ण गार होईपर्यंत थांबले. सकाळी घातलं."

"सकाळी!" आयुओ मटकन खाली बसली. "सत्तेचाळीस वर्षं हा माणूस हेच सांगतोय."

सगळे गेल्यावर दोघं झाडाखालीच बसून राहिली. शेळ्या येऊन शेंगा खाऊन गेल्या.

"तुला कधी कळलं?" बायोरनं विचारलं.

"तू मला पाच दिल्यास तेव्हा."

तो माझ्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं, तू खूश होशील."

"झाले ना. एका घोटापुरती." तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मला सांगायचं नाहीस? एवढं मोठं दुःख एकटाच गिळत बसलास?"

"चाखणं हेच माझं काम होतं, आयुओ. तेच गेल्यावर या अंगणात मला कोण विचारील, असं वाटलं."

आता आयुओ मला आधी स्वतःच्या तोंडाला लावते आणि मग त्याला सांगते. नुसतं "आंबट", "गोड" असं नाही. परवा आवुनीच्या सुनेनं पहिल्यांदाच केलेली बिअर आली होती. आयुओ घोट घेऊन म्हणाली, "तामालेच्या वाटेवर लॉरी बंद पडली होती आठवतं? चिंचेखाली बसलो होतो. त्या आंधळ्या बाईनं मडकं आणून दिलं होतं. तशी आहे. पण हिला धूर जरा कमी लागलाय, आणि शेवटी मध चाटल्यासारखं होतं." बायोरनं मला हातात घेतलं. कितीतरी दिवसांनी त्यानं घोट घेताना डोळे मिटले. तोंडातली बिअर सावकाश फिरवली आणि म्हणाला, "हां. हां. आली."

चव आली की आठवण आली, ते मला ठाऊक नाही. मी विचारूही शकत नाही.

मित्रांनो, मी एक वस्तू आहे. मला ओली ठेवू नका, कडक उन्हात टाकू नका, शेळ्यांपासून जपा, एवढंच मी मागायला हवं. पण मला आणखी एक मागायचं आहे. तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस अलीकडे प्रत्येक पदार्थाला "छान झालंय" म्हणत असेल, प्रत्येक बोलण्याला नुसतीच मान डोलावत असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. हळू आवाजात विचारा. त्यानं खरं सांगितलं तर दया दाखवू नका. तुमच्या ताटातला एक घास घ्या, सावकाश चावा, आणि तो कसा लागतो ते त्याला नीट सांगा.