टॉर्क्विलचा बिल्ला

गिप्सलँडच्या रानात पाद्री गिलफिलन वर्षातून एकदाच फिरकायचे. तीस वर्षांत त्यांनी घोडे पाच बदलले, नियम एकही नाही. प्रभुभोजनाआधी, म्हणजे मेजाभोवती बसून येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षारस घेण्याच्या विधीआधी, एकेकाची उलटतपासणी घ्यायची, त्यात जो उतरेल त्याच्या हातावर शिशाचा बिल्ला ठेवायचा. बिल्ला नाही त्याला मेजावर जागा नाही. गेल्या साली टॉर्क्विल मॅकिनेस या मेंढपाळाला त्यांनी तो नाकारला होता. पठ्ठ्याने भर शब्बाथला, कामाला हात लावायचा नाही अशा रविवारी, गाडी जुंपली होती.

यंदा ते त्याच्या झोपडीपाशी उतरले, तर दारात त्याची बायको ग्रिझेल एकटीच. टॉर्क्विल हिवाळ्यातच छातीच्या दुखण्याने गेला होता.

तिने चहा ओतला, मटण वाढलं. गिलफिलन चाचरत म्हणाले, "शेवटी त्याला पश्चात्ताप झाला ना, बाई?"

"कशाचा? त्या रविवारी शेजारची एफी अडली होती. दोन दिवस कळा देत होती पोर. हा तिला गाडीत घालून नदीपल्याड सुईणीकडं घेऊन गेला. बाळबाळंतीण सुखरूप आहेत."

"अहो, मग मला सांगितलं का नाही त्यानं?"

"तुम्ही विचारलंत कुठं? 'शब्बाथला गाडी जुंपलीस का?' म्हणालात, तो 'हो' म्हणाला. पाद्रीबाबांपुढं सबबी सांगणारा नव्हता तो. तुम्ही आत भाकर मोडत होतात, तेव्हा हा लग्नातला कोट घालून बाहेर घोड्यांपाशी उभा. अकरा मैल चालून आला होता माणूस."

गिलफिलनांनी ताट बाजूला सारलं. एक प्रश्न, फक्त एक प्रश्न जास्त विचारायचा होता! एवढं बायबल पाठ, आणि समोरच्या माणसाला 'का रे बाबा?' म्हणायला जीभ रेटली नाही. आता डोकं आपटून घेतलं तरी काय उपयोग?

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "रविवारी सगळ्यांसमोर कबूल करतो."

"करा. पण आधी मला एक सांगा. शेवटचा आठवडाभर तो हेच विचारायचा, आणि मला काही सांगता येईना. वरच्या मेजावर त्याला बसू देतील का?"

"देतील. नक्की देतील."

"बिल्ल्याशिवाय?"

"तिथं बिल्ला लागत नाही, बाई."

ग्रिझेल किटली उचलता उचलता थांबली.

"मग इथं कशाला लागत होता?"