नकाशावरचं लाल वर्तुळ

आरोग्य केंद्रातल्या सिस्टर पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा त्यांनी मुलीला तपासायच्या आधी घर तपासलं. तिथेच आत्याच्या मनात पाल चुकचुकली.

मुलगी चार वर्षांची. एका जागी कधी बसायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली आणि आत्या आपलं बिऱ्हाड मोडून भावाकडे राहायला आली. भाऊ जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतल्या प्लेटा काढायच्या कारखान्यात कामाला होता. सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा. घर आणि भिंगरी सगळं आत्याच्या अंगावर.

गेले दोन महिने भिंगरीचं काहीतरी बिनसलं होतं. पोट दुखतं म्हणायची. घास फिरवत बसायची आणि शेवटी थुंकून टाकायची. कारण नसताना चिडायची. परवापर्यंत येणारी रंगांची नावं चुकायला लागली. खेळणं सोडून खिडकीत बसायची ती तासन् तास. आत्याने तिला केंद्रात नेलं. सिस्टरांनी वजन केलं, दंडातून रक्त घेतलं आणि म्हणाल्या, "घरी येऊन जाते एकदा."

आता त्या आल्या होत्या, आणि बरोबर मास्तर. मास्तर म्हणजे बोळातल्या निम्म्या लोकांना पाढे शिकवलेले, निवृत्त झालेले. हल्ली गळ्यात ओळखपत्र घालून केंद्राचं काम फुकट करत दारोदार फिरायचे.

"भिंगरी झोपते कुठे?" सिस्टरांनी विचारलं.

"माझ्या कुशीत. अजून कुठे झोपणार?"

"सकाळी काय खाल्लं?"

"दूध, पोळी. विचारा तिला."

"आणि घर झाडता किती वेळा?"

आत्या ताठ झाली. "तीनदा. या फरशीवर ताट न घेता जेवा, सिस्टर."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी हातमोजे घातले, पिशवीतून एक ओला फडका काढला, खिडकीच्या कट्ट्यावरून तो सावकाश फिरवला आणि एका नळीत घालून वर चिठ्ठी चिकटवली. मास्तरांनी वहीत काहीतरी टिपलं. आत्याने मान लांब करून पाहिलं, तेवढ्यात त्यांनी वही मिटली.

दोघं गेल्यावर शेजारीण आलीच. "अगं, पोर वाळत चाललीय ना, म्हणून चौकशी चाललीय. सख्खी आई नसली की असंच बघतात. एका घरातलं मूल असंच नेलं म्हणे संस्थेत."

"कुठलं घर?"

"ते माहीत नाही बाई. ऐकलं."

शेजारीण सुतावरून स्वर्ग गाठणारी, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्या दिवसापासून ती भिंगरीला शिकवायला लागली. "कुणी विचारलं तर काय सांगायचं? पोटभर जेवले म्हणायचं." भिंगरी शून्य नजरेने बघायची आणि म्हणायची, "पोट दुखतं." आत्याचा जीव तीळतीळ तुटायचा. झाडलोट तिने तीनदाची पाचदा केली. कुणी बोट ठेवायला जागा नको.

मास्तर आठवड्यात दोनदा आले. कधी म्हणे पाणी कुठून भरता, कधी म्हणे भिंतीला रंग कधी दिला. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा. आत्याही काही कमी नव्हती. चहा द्यायची आणि ताकास तूर लागू द्यायची नाही.

मग एका दुपारी ती नळावरून येत होती. मास्तर समोरच्या पायरीवर बसले होते आणि गुडघ्यांवर बोळाचा हाताने काढलेला नकाशा पसरला होता. आत्या मागून वाकली. एकेक घर म्हणजे एकेक चौकोन, कुठे कुठे निळे ठिपके. तिच्या घराभोवती मात्र लाल वर्तुळ. तेही दोनदा गिरवलेलं.

तिने घागर घरात ठेवली, भिंगरीला शेजारणीकडे बसवलं आणि मास्तर उठले तशी त्यांच्या मागे निघाली. चार घरांचं अंतर ठेवून, पदर डोक्यावरून घेऊन. मास्तर केंद्रात शिरले. ती वजनकाट्याच्या खोलीबाहेर भिंतीला चिकटून उभी राहिली. दार लोटलेलं होतं, बंद नव्हतं.

"आत्याच्याच हातून होतंय सगळं," आतून सिस्टरांचा आवाज आला. "पण तिला सांगायचं कसं, मास्तर?"

आत्याने दार ढकललं ते भिंतीवर आपटलं.

"मला सांगा ना! तोंडावर सांगा! मी पोरीला उपाशी ठेवते? मारते? माझं घरदार सोडून आले मी तिच्यासाठी. आणि तुम्ही नकाशे काढता माझ्या घराचे?"

मास्तर उठून उभे राहिले. सिस्टरांनी खुर्ची पुढे केली. आत्या बसली नाही.

"उपाशी ठेवता असं कोण म्हणालं?" सिस्टर म्हणाल्या. "आत्या, भिंगरीच्या रक्तात शिसं सापडलंय. शिसं, बॅटरीतलं. आकडा अडतीस. मुलांच्या रक्तात ते अजिबात नसायला हवं. आज सकाळी कागद हातात आला."

"कुणी खायला घातलं तिला शिसं?"

सिस्टरांनी उलट विचारलं, "भाऊ कामावरून आले की त्यांचे कपडे कुठे झटकता?"

"खिडकीत. घरात घाण नको म्हणून, बाहेरच्या बाजूला."

"आणि भिंगरी बसते कुठे?"

"खिडकीत," आत्या म्हणाली. मग ती खुर्चीवर बसली.

सिस्टर हळू आवाजात सांगत राहिल्या. ती धूळ डोळ्यांना दिसत नाही, पण कट्ट्यावर फिरवलेल्या फडक्यात सापडली होती. कट्ट्यावर बसते, फरशीवर बसते, मुलांच्या बोटांना लागते आणि बोटं तोंडात जातात. कोरडा झाडू मारला की उडते आणि पुन्हा खाली बसते. जितकं झाडावं तितकी उडते. मास्तरांनी नकाशा टेबलावर उलगडला. निळे ठिपके म्हणजे बॅटरीवाल्यांची घरं, तेरा. मास्तरांच्या कानावर आलं होतं तसं, पोटदुखीची, वाळलेली पोरं त्यांतल्या आणखी सात घरांत. लाल वर्तुळ एकट्या तिच्या घराला होतं, कारण मुलीला घेऊन केंद्राची पायरी चढलेली ती एकटीच होती.

"बाकीचे दार उघडत नाहीत," मास्तर म्हणाले. "मी आलो की कानावर हात. कारखाना बंद पाडायला आलोय असं वाटतं त्यांना."

"मग मला का नाही सांगितलंत? रंग विचारत बसलात, पाणी विचारत बसलात!"

"चूक झाली," सिस्टर म्हणाल्या. "कागद येईपर्यंत खात्री नव्हती. उगाच तुमच्या भावाच्या कामावर बोट ठेवायचं नव्हतं."

"खात्री नव्हती म्हणून माझी झोप उडवलीत," आत्या म्हणाली. पण आवाजात आता धार नव्हती. ती स्वतःच्या तळहातांकडे बघत होती.

संध्याकाळी भावाला सांगितलं तर तो उसळला. "आठ वर्षं करतोय मी हे काम. मला झालं काही? त्यांचं काय जातं बोलायला!" दुसऱ्या दिवशी आत्या त्याला जवळजवळ ओढतच घेऊन गेली. कागद आला तेव्हा त्याचा आकडा मुलीच्या दीडपट निघाला. सिस्टरांनी त्याला दोन्ही हात पुढे धरायला सांगितले तेव्हा उजवं मनगट खाली लोंबलं, शिशाने नस दुबळी केलेली. "कधीपासून?" आत्याने विचारलं. तो म्हणाला, "वर्ष झालं असेल, ताई." वर्षभर तो डाव्या हाताने जेवतो हे तिने पाहिलं होतं आणि खोड लागली म्हणून टोकलंही होतं.

झाडू बंद झाला. आत्या ओल्या फडक्याने फरशी पुसायला लागली. फडका वेगळा, बादली वेगळी. भिंगरीचे हात प्रत्येक घासाआधी धुवायचे. दूध, अंडी, पालेभाजी, आणि लोहाचं औषध. पण कपड्यांचं काय? कामगार मळके कपडे घालूनच घरी यायचे. कारखान्यात नळ एक, तोही मालकाच्या गाडीपुरता. मास्तर मालकाकडे दोनदा अर्ज घेऊन गेले. "बघू," एवढंच उत्तर.

मग आत्या त्या सात घरी गेली. मास्तरांना गल्लीच्या तोंडाशी थांबायला सांगितलं. पहिल्या दारातली बाई म्हणाली, "तुलाही फितवलं वाटतं त्यांनी?"

"मलाही असंच वाटलं होतं," आत्या म्हणाली. "ये, माझी पोर बघ. मग तुझी बघ. मग बोल."

तीन दारं बंदच राहिली. चार उघडली. सोमवारी सकाळी पाच बायका नवऱ्यांचे, भावांचे कपडे ओल्या पोत्यांत बांधून कारखान्याच्या फाटकात जाऊन बसल्या. मालक गाडीतून उतरला.

"हे काय?"

"तुमची धूळ," आत्या म्हणाली. "तुमची तुम्हाला आणून दिली. इथेच धुवायची सोय करा. आम्ही घरी नेणार नाही."

मालक आधी हसला, मग ओरडला, मग आत निघून गेला. बायका तिथेच. दुपारी सिस्टर आल्या, त्यांच्या हातात मास्तरांचा नकाशा आणि आलेले रक्ताचे कागद. त्या आत गेल्या आणि तासाभराने बाहेर आल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आत्याला अजून संशय आहे की त्यांनी मोठ्या सरकारी साहेबाची भीती घातली असणार. महिन्याभरात मागच्या बाजूला दोन न्हाण्या झाल्या, कपडे बदलायची खोली झाली. भावाला बॅटऱ्या फोडायच्या कामातून काढून फाटकावर बसवलं. त्याचं मनगट अजून पूर्ण उचललं जात नाही.

चार महिन्यांनी भिंगरीचं रक्त पुन्हा तपासलं. सिस्टरांनी कागद उघडला. "एकोणीस."

"पुन्हा वाचा."

"एकोणीस, आत्या. अजून जास्तच आहे, पण निम्म्यावर आलंय. वेळ लागेल. रंग-आकडे थोडे मागे पडले असतील, ते शिकवावे लागतील."

आत्याने कागद त्यांच्या हातातून घेतला आणि मास्तरांपुढे धरला. "तुम्ही वाचा."

"एकोणीस," मास्तर म्हणाले.

तेव्हा कुठे ती बसली. बाकाशेजारी भिंगरी वजनकाट्यावर चढून उड्या मारत होती, आणि काट्याला काही केल्या एका आकड्यावर थांबता येत नव्हतं.