होड्या कोण वल्हवतंय?

चिवटच्या आईला आपली लेक ऑफिसात नक्की काय करते हे कळायला दोन वर्षं लागली. कळलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दुसऱ्यांच्या डोक्यातल्या उवा वेचतेस." इतकं नेमकं वर्णन कंपनीच्या वेबसाइटवरही नव्हतं. व्हिडिओ गेम बाजारात जायच्या आधी तो दिवसभर खेळायचा, कुठे माणूस भिंतीतून आरपार जातो, कुठे घोडा छपरावर अडकून बसतो ते हुडकायचं आणि त्याची नोंद करायची. नोंद ज्याच्याकडे जाईल त्याने चूक दुरुस्त करायची, नाहीतर कारण देऊन नोंद बंद करायची. बंद झालेली नोंद पुन्हा उघडायचा हक्क मात्र नोंदवणाऱ्याचा. बाकीचे लोक हा हक्क सहा महिन्यांतून एकदा वापरत. ती रोज वापरायची, म्हणून ती चिवट. हे नाव मास्तरांनी ठेवलं. मास्तर म्हणजे टेस्टिंगमधले सगळ्यांत जुने. ते इतरांच्या नोंदींतलं शुद्धलेखन सुधारत, म्हणून मास्तर.

यंदाच्या गेममध्ये एक भलंमोठं शहर होतं आणि शहराच्या मधोमध नदी. नदीचा सगळा भाग चिवटने तपासायचा होता. गेम वेळेवर बाजारात गेला की तिची कंत्राटी नोकरी पक्की होणार होती. तसं पत्र टाइप होऊन डायरेक्टरसाहेबांच्या टेबलावर पडलं होतं, फक्त त्यांची सही राहिली होती. पण गेम बाजारात जायला प्रत्येक भागाच्या कागदावर तो तपासणाऱ्याची सही लागायची. म्हणजे त्यांची सही तिच्या सहीवर अडली होती, आणि हे तोवर दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

नदीवर होडीवाले होते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा चिवट खुर्चीत ताठ झाली. तिचे बाबा होडीवाले, आजोबा होडीवाले, काकांची होडी तर अजून पाण्यात. पडद्यावरची माणसं डोक्याला फडकं तसंच बांधत होती, होडीच्या टोकावर एक पाय टाकून तशीच उभी राहत होती. सव्वीस माणसं होती आणि सव्वीस जणांना मिळून एक चेहरा. कुणाशीही बोला, तो कमरेत वाकून "हो मालक" म्हणायचा. पाठ फिरवली की खिसा कापायचा. शहरातल्या लोकांना मात्र एकेचाळीस चेहरे होते. त्यांच्यात रडका न्हावी होता, बायकोला घाबरणारा कोतवाल होता, कविता करणारा चांभारसुद्धा होता.

तिने नोंद केली: "सव्वीस माणसांना एक चेहरा, एक वाक्य आणि एकच धंदा, चोरी." दोन तासांत गेमच्या लेखकाने ती बंद केली. कारण लिहिलं होतं, "चूक नाही. असंच ठरवलंय."

तिने उघडली. त्याने बंद केली. नवव्यांदा बंद करून लेखक स्वतःच जिना उतरून खाली आला. माणूस वाईट नव्हता. कॉफीचा मग घेऊन आला होता, तिच्यासाठीही एक.

"अगं, हे काल्पनिक शहर आहे," तो म्हणाला. "ही नदी काल्पनिक, लोक काल्पनिक. यात तुझ्या लोकांचा काय संबंध?"

"काल्पनिक? तुमचा चित्रकार तीन दिवस आमच्या धक्क्यावर बसून फोटो काढत होता. त्यातल्या एका फोटोत माझे काका आहेत. फडकं काल्पनिक असतं तर गाठ आमच्यासारखी डावीकडे कशी आली?"

"बरं, फडकं घेतलं असेल. पण गेममध्ये कुणीतरी चोर लागतोच ना?"

"मग असू दे की चोर! आमच्यात नाहीत असं कुठे म्हणतेय मी? माझा एक मामा तर नामी उचल्या होता. पण तो कसा चालायचा, कुणाला फसवायचा, पकडला गेला की कसा लाजायचा, हे त्याचं त्याचं होतं. तुमचे सव्वीसच्या सव्वीस एकच आहेत. न्हाव्याला रडायला वेळ दिलात, आम्हाला तोंडसुद्धा दिलं नाहीत!"

आवाज वाढला होता. आजूबाजूला कंट्रोलरच्या बटणांची टकटक थांबली. लेखक म्हणाला, "तू फार मनाला लावून घेतेस," आणि निघून गेला. कोणी असं म्हणालं की चिवटच्या डोक्यात तिडीक जायची. मनाला नाही लावायचं तर कशाला लावायचं? तिने कॉफी तशीच ठेवली आणि दहाव्यांदा नोंद उघडली.

मास्तर खुर्ची सरकवून जवळ आले. "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, बाळ. पत्र हातात पडू दे, मग हवं तेवढं भांड."

"पत्र पडेल तेव्हा गेम विकला गेला असेल, मास्तर. मग भांडून काय उपयोग?"

त्याच आठवड्यात गेम चाचणीसाठी बाहेरच्या काहीशे लोकांना खेळायला दिला होता. त्यांत नदीकाठची पाचसात पोरं निघाली. त्यांनी इंटरनेटवर लिहिलं की आम्ही काय सगळे चोर आहोत का. त्यावर दुसऱ्यांनी लिहिलं, खेळ आहे, खेळासारखा खेळा, इथे राजकारण आणू नका. मग आईबहिणीवरून सुरू झालं. चार दिवसांत तीन हजार लोक भांडले आणि त्यांतल्या अर्ध्याअधिकांनी आयुष्यात कधी होडीत पाय ठेवला नसेल.

डायरेक्टरसाहेब घाबरले. घाबरलेला साहेब फार पटकन निर्णय घेतो. शुक्रवारी दुपारी सगळ्यांना मेल आलं: तक्रारींची दखल घेऊन होडीवाले गेममधून पूर्णपणे काढून टाकले आहेत, आता कुणाच्याही भावना दुखावणार नाहीत. चिवटची नोंदही बंद झाली. कारण: "दुरुस्त केलं."

म्हणजे आजार परवडला पण औषध नको, अशातली गत. ती घरी गेली तर भाऊ दारातच उभा. त्याने इंटरनेटवर सगळं वाचलं होतं.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "चोर का होईना, दिसत तरी होतो. धक्क्यावरच्या पोरांकडे गेममध्ये आपली होडी बघून पोरगा नाचला होता माझा. आता काय दाखवू त्याला? रिकामी नदी?"

"मी काढा म्हटलं नव्हतं, दादा. नीट करा म्हटलं होतं."

"तुझ्या म्हणण्याला तिथे कोण विचारतंय!"

हे लागलं. खरं असल्यामुळे जास्तच लागलं. ती बाबांकडे वळली. बाबा पायाच्या तळव्याला तेल चोळत बसले होते. चाळीस वर्षं ओल्या फळीवर उभं राहून त्यांचे पाय संध्याकाळी ठणकत. त्यांना गेम कळत नव्हता आणि इंटरनेटवरचं भांडण तर मुळीच नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "माणसं काढली म्हणतेस. मग आता होड्या कोण वल्हवतंय?"

हे तिला सुचायला हवं होतं.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. गेम लावला, धक्क्यावर गेली. माणसं नव्हती, पण होड्या चालू होत्या. माणूस काढला होता. होडीचा रस्ता, वेळ आणि वल्ह्यांची हालचाल काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सव्वीस होड्यांची वल्ही आपोआप वरखाली होत होती. रडका न्हावी एका होडीत बसून रिकाम्या जागेला म्हणाला, "जरा लवकर ने रे." होडीने त्याला पलीकडे नेलं. चिवट इतकी हसली की पाणी आणायला आलेल्या मास्तरांनी दारातूनच विचारलं, "काय गं, पत्र मिळालं का?"

तिने या वेळच्या नोंदीत एकच ओळ लिहिली: "होड्या कोण वल्हवतंय?" दुपारपर्यंत तीच चूक अकरा जणांनी नोंदवली. मास्तरांनीही, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नोंदीत उद्गारचिन्ह टाकलं. आता बंद करायची म्हटलं तरी लेखकाला कारण सापडेना. त्याने नदी जादूची आहे असं सुचवून पाहिलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला जादू नेहमीच सोपी वाटते. पण मग होडीची वाट बघणाऱ्यांची रांग कशाला, असं कुणीतरी विचारलं आणि त्याने जादू मागे घेतली.

साहेबांनी फर्मान काढलं, शहरातली सव्वीस माणसं होड्यांवर बसवा. बसवली. इथे त्या मंडळींची दुसरी चूक उघडी पडली. या गेममध्ये शहरातल्या माणसाला पोहता येत नव्हतं. अंगावर पाणी आलं की तो मरायचा. नियमच तसा लिहिला होता. पोहणं फक्त होडीवाल्यांना दिलं होतं, कारण चोरी करून पळायला लागायचं. पहिलं वल्हं पाण्यात पडलं, वल्हवणाऱ्याच्या अंगावर शिंतोडे उडाले आणि कवी चांभार बसल्या जागी गतप्राण झाला. पाठोपाठ कोतवाल. पाच मिनिटांत नदीत सव्वीस प्रेतं तरंगत होती आणि अख्खा मजला पोट धरून हसत होता. साहेब तेवढे हसत नव्हते.

त्यांनी चिवटला केबिनमध्ये बोलावलं. लेखक कोपऱ्यात बसला होता.

"होडीवाले परत घालतोय," साहेब म्हणाले. "जसे होते तसे. तू सही कर आणि विषय मिटव." त्यांनी कागद पुढे सरकवला, आणि त्याच्या शेजारी तिचं पत्रही. दोन्ही कागद नीट चिकटून ठेवले होते, तिला दिसावेत असे.

"जसे होते तसे असतील तर मी सही करणार नाही, सर."

"दुसरं कोणीही करेल."

"नदी माझ्या नावावर आहे. दुसऱ्याला द्यायची तर त्याला ती पहिल्यापासून तपासावी लागेल, सहा आठवडे. तुमचा नियम आहे हा, माझा नाही."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "नोकरी नकोय का तुला?"

"हवीय," ती म्हणाली. "फार हवीय. घरात पक्की नोकरी कुणालाच नाही. पण ही सही केली तर हे लोक असे असतात हे मी तपासून पाहिलंय आणि बरोबर आहे, असं त्यावर लिहिलेलं असेल. खाली माझं नाव. माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, त्याला वाचता येतं."

मग लेखकच म्हणाला, जरा खाली बघून, "एक आठवडा द्या, सर. मी लिहितो. पण मला माहीत नाहीये हे लोक बोलतात कसे."

"मग विचारा," चिवट म्हणाली.

बुधवारी बाबा ऑफिसात आले. हालचाल टिपायचा तो काळा, ठिपक्या-ठिपक्यांचा घट्ट पोशाख त्यांनी निमूटपणे घातला आणि आरशात बघून म्हणाले, "तुझ्या आईला सांगू नकोस." हातात काठी देऊन त्यांना रिकाम्या खोलीत वल्हवायला सांगितलं तेव्हा मात्र ते अडून बसले. "पाण्याशिवाय? मला काय खुळा समजलात?" शेवटी कुणीतरी टबात पाणी भरून आणलं. काठी पाण्यात बुडाली, आणि बाबांचे खांदे जे वळले ते पाहून हालचाल टिपणाऱ्या पोरांनी वल्हवण्याचं आधीचं सगळं काम पुसून टाकलं.

मग आवाज. लेखकाने कागद दिला. बाबांनी चष्मा लावून वाचला आणि परत केला.

"यात पहिलंच 'मालक' लिहिलंय. हे माझ्याने नाही व्हायचं. तोंडाला वळण नाही."

"मग गिऱ्हाईक आलं की तुम्ही काय म्हणता?"

"ते मी काय करत असेन त्यावर आहे." बाबांनी विचार केला. "आता समजा जेवत असलो..."

"हां, समजा जेवताय," लेखक म्हणाला आणि त्याने घाईघाईने यंत्र चालू केलं. संध्याकाळपर्यंत त्याने बंद केलं नाही. चिवटने त्याला इतकं गप्प बसून ऐकताना कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी मोठ्या पडद्यावर गेम लावला. सगळे जमले होते. कंट्रोलर साहेबांच्या हातात होता. ते धक्क्यावर आले. होडीच्या टोकावर एक म्हातारा डबा उघडून बसला होता. चेहरा कुणाचाच नव्हता, त्याचा स्वतःचा होता. साहेबांनी बटण दाबलं.

"थांबा. जेवतोय," म्हातारा म्हणाला.

साहेबांनी पुन्हा दाबलं.

"ऐकू येतं मला. जेवतोय म्हटलं ना."

तिसऱ्यांदा दाबलं तर त्याने उत्तरही दिलं नाही. पाण्याकडे बघत सावकाश घास चावत राहिला. शेजारच्या होडीतली बाई हसली. पलीकडे एक दांडगा पोरगा कुणाचा तरी खिसा कापून पाण्यात सूर मारत होता आणि तीच बाई त्याला नाव घेऊन शिव्या घालत होती.

"खेळणारे चिडतील," साहेब म्हणाले. "किती वेळा दाबलं की उठतो हा?"

"दाबून उठत नाही, सर," चिवट म्हणाली. "जेवण झालं की उठतो."

साहेबांनी लेखकाकडे पाहिलं. लेखक पडद्याकडे बघत होता. साहेबांनी अंगठा बटणावरून काढला. खोलीत पंधरा माणसं एका म्हाताऱ्याचं जेवण व्हायची वाट बघत उभी राहिली. त्याने डब्याचं झाकण लावलं, नदीत हात धुतले, फडक्याला पुसले आणि मग वर पाहिलं.

"हं, बसा. कुठे जायचंय?"

कुणीतरी टाळी वाजवली. साहेब जरा सैल झाले. त्यांनी खिशातून पेन काढलं, तिच्या पत्रावर सही केली आणि नदीचा कागद व पेन तिच्यापुढे धरलं. "घे. आता तरी कर."

चिवटने पेन हातात घेतलं, पत्राकडे नीट पाहिलं. मग पेनचं टोपण लावून ते त्यांच्या हातात परत ठेवलं.

"एकोणीस जण झालेत, सर," ती म्हणाली. "सात जणांना अजून एकच चेहरा आहे. ते झाले की करते."