सातवा गडी

घाटनांदूरच्या पोरांनी फुटबॉल खेळावा, हेच मुळात कोणाच्या पचनी पडलं नव्हतं. सगळा जिल्हा क्रिकेटनं झपाटलेला. ज्याच्या घरी नवी केबल आली, त्याच्या ओसरीवर सगळी आळी जमायची. आणि ही अकरा येडी रोज संध्याकाळी स्टेशनामागच्या माळावर एका चेंडूच्या मागं धावायची, बाभळीचा काटा घुसला की चेंडू सायकलच्या पंक्चरवाल्याकडं न्यायची. सोमेश्वर त्यांचा कॅप्टन. बापाचं किराणा दुकान, त्यामुळं मध्यंतरात गुळाचे खडे फुकट. कॅप्टन तो त्या गुळामुळंच झाला, असं पोरं त्याच्या तोंडावर म्हणायची.

अकरातले पाच जण ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतले. दसरा झाला की ही घरं ट्रकमध्ये चढत आणि पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांवर जात, ती उन्हाळा लागल्यावरच परतत. म्हणजे दसऱ्यानंतर संघ नावाला उरायचा. मागच्या साली याच पायी एक सामना अर्ध्यावर सोडावा लागला होता. तेव्हा जिल्हा स्पर्धा भरवणाऱ्या मंडळानं सोमेश्वरला समोर उभं करून बजावलं होतं, की पुन्हा सामना अर्धवट सोडला तर तुमच्या संघाचं नाव कायमचं काढून टाकू.

यंदा अंतिम सामना दसऱ्याच्या आधी होता. पोरं जीव तोडून खेळली आणि खरोखरच अंतिम फेरीत पोचली. गावात चहाच्या हॉटेलात पहिल्यांदाच कोणी त्यांना बसायला बाकडं दिलं. आणि मग प्रमुख पाहुण्यांना तारीख जमेना! आपल्याकडं एक वेळ चेंडूवाचून सामना होईल, पण प्रमुख पाहुण्यांवाचून व्हायचा नाही. साहेबांच्या सोयीनं सामना पुढं ढकलला गेला, तो थेट दसऱ्याच्या पलीकडं. चार गडी पहिल्याच ट्रकनं गेले. जाताना एकानं आपले बूट सोमेश्वरच्या दुकानाच्या पायरीवर आणून ठेवले.

उरले सात. नियम असा, की सात गडी मैदानात असले तर खेळ चालतो. सहा झाले की पंचानं शिट्टी वाजवून सामना बंद करायचा. आणि सातवा गडी होता त्रिंबक. त्याचंही नाव ऊसतोडीच्या टोळीत लागलेलं.

टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक तोडणार, दुसरं मोळ्या बांधणार. त्रिंबकचा बाप नव्हता, म्हणून तो आणि त्याची आई साखराबाई मिळून एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि अर्ध्याला कोणी उसाच्या फडात उभं करत नाही. हे सोमेश्वरला ठाऊक होतं. तरीही दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन तो साखराबाईच्या दारात गेला, सोनं दिलं, पाया पडला आणि तिथंच बसून राहिला.

"मावशी, येक सामना खेळू द्या त्याला. लई पाया पडतो तुमच्या."

"माझं काय न्हाई रे लेकरा," साखराबाई म्हणाली. "मुकादमाला इचार. ट्रक त्येचा हाय."

रामकिसन मुकादम टोळी घेऊन जाणारा माणूस. कडक, पण वाईट नव्हे. सोमेश्वर त्याच्याकडं गेला तेव्हा त्यानं थोडा विचार केला. त्याचा ट्रक सामन्याच्याच दिवशी अंबाजोगाईवरून जाणार होता, आणि अंतिम सामन्याचं मैदान तिथंच सडकेला लागून होतं. सामना दोनचा. "पाचाला मी गेटाशी येतो," तो म्हणाला. "हारन वाजवीन. पोरगं आलं तर बसवीन, न्हाई आलं तर मायलेकरं दोगंबी ऱ्हाऊ द्या गावात." सोमेश्वरला वाटलं, जिंकलो. दोनचा सामना पाचापर्यंत संपायला हरकत काय?

हरकत साहेबांची होती. दोन वाजले, तीन वाजले. थंड पेयाच्या कंपनीनं लावलेला कापडी फलक वाऱ्यानं फाटला. बीडचा संघ सावलीत पाय पसरून बसला. त्यांच्याकडं सगळ्यांना सारखे बूट, सारखे मोजे आणि बदलीला चार गडी. साहेब आले तेव्हा तीन वाजून गेले होते. मग हार, मग नारळ, मग खेळानं शरीर कसं बळकट होतं यावर ज्याला खुर्चीतून उठताना दोन माणसं लागली त्याचं भाषण. सोमेश्वर सडकेकडं बघत उभा होता.

खेळ सुरू झाला. सात जणांनी अकरांशी खेळायचं म्हणजे निव्वळ धावायचं. सोमेश्वरनं आधीच सांगून ठेवलं होतं, "गोल होऊ द्या कितीबी. कोणी पडायचं न्हाई. पडलात तर उठायचं. बाहेर कोणी जायचं न्हाई." गोलकीपर मृत्युंजय हा त्याचा चुलतभाऊ. पहिल्या गोलातच त्याच्या हाताचं बोट वाकडं झालं. त्यानं ते रुमालानं शेजारच्या बोटाला बांधलं आणि पुन्हा उभा राहिला. मध्यंतराला तीन गोल बसले होते. गूळ वाटला, तो तसाच हातात राहिला. त्रिंबक तेवढा हसत होता. "सोम्या, येक गोल तर मी घालतोच बे," तो म्हणाला.

दुसरा डाव सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि हॉर्न वाजला.

ट्रक गेटाशी उभा होता. वर माणसं, बिऱ्हाडं, कोंबड्या, गुंडाळलेली पाचटाची खोपटी. साखराबाई फळीला धरून उभी होती. तिनं हाक मारली नाही, हातही केला नाही. हॉर्न पुन्हा वाजला. त्रिंबकनं मान वळवली नाही, पण त्याच्या पायातला चेंडू निसटला आणि चौथा गोल बसला.

चेंडू मध्यावर आणेपर्यंत रामकिसन लाइनीजवळ येऊन ठेपला. सोमेश्वर धावत त्याच्याकडं गेला.

"भाऊ, वीस मिंटं! हात जोडतो."

"वीस मिंटं मी कुठून आणू? केजला तीन घरं लेकराबाळांसकट सडकंला बसल्यात माझ्यासाठी. सकाळी फडात न्हाई पोचलो तर फड दुसऱ्या टोळीचा. म्या तुला सांगितलं व्हतं का न्हाई?"

"सांगितलं व्हतं."

"मंग? म्हातारीला एकटीला नेऊन काय करू मी? उतरवतो तिला." एवढं बोलून तो खरोखरच माघारी वळला.

खेळ सुरूच होता. सोमेश्वरनं एक चेंडू अडवला, दुसरा कसाबसा बाहेर मारला आणि सडकेकडं पाहिलं. ट्रकमधून एक पत्र्याची पेटी खाली दिली जात होती. मग भाकरीचं गाठोडं. मग साखराबाई स्वतः. ती पाठमोरी उतरत होती, टायरवर पाय टेकायला जागा चाचपडत होती, आणि खालून तिला हात द्यायला कोणी नव्हतं. सोमेश्वरला स्वतःची लाज वाटली. आपट्याची पानं देऊन त्यानं त्या बाईचं अख्खं साल मागून घेतलं होतं.

तो त्रिंबकजवळ गेला. "जा बे. आत्ताच्या आत्ता जा."

"न्हाई."

"तिकडं बघ तरी! मावशीला उतरवलंय."

"बघितलं." त्रिंबकच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो दात ओठ खात होता. "मी गेलो की सहा. सामना बंद, संघ बंद. त्रिंब्यानं बुडवला म्हणतील समदे. ते चौघं फडात भेटतील, त्येंला काय तोंड दावू? मी न्हाई जात. आई समजून घील."

चेंडू पुन्हा आला. त्रिंबक धावला, आणि एखाद्यानं मागं वाघ लावल्यागत धावला. सोमेश्वर जागच्या जागी उभा राहिला. तो त्रिंबकला ओळखत होता. हा पोरगा मरून पडेल, पण आपल्या पायानं मैदानाबाहेर जाणार नाही. ढकलून घालवला तरी जाणार नाही. सामना संपला तरच जाईल, आणि तोही त्रिंबकनं संपवलेला नको.

बीडचा एक धिप्पाड गडी चेंडू घेऊन त्याच्याच अंगावर आला. सोमेश्वर आडवा गेला. धक्का लागला, पण असे धक्के त्यानं दिवसभरात वीस खाल्ले असतील. या वेळी मात्र तो कोसळला. गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि ओरडला.

पंच आले. "उठता येतंय का?"

"न्हाई."

पोरं गोळा झाली. त्रिंबक त्याच्या डोक्याशी येऊन उभा राहिला. "उठ सोम्या. थोडंच ऱ्हायलंय. तूच म्हणलास ना पडायचं न्हाई! उठ की बे!" तो अक्षरशः रडत होता.

"पाय गेला रे माझा," सोमेश्वर म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. त्या पोराकडं बघणं त्याच्यानं होईना.

पंचांनी थोडी वाट पाहिली, घड्याळ पाहिलं आणि लांब शिट्टी वाजवली. बीडची पोरं उड्या मारायला लागली. घाटनांदूरचा संघ तिथं, त्या क्षणी संपला. अशा वेळी कोणी जाहीर करायला येत नाही. तोवर साहेबही निघून गेले होते.

"जा," डोळे न उघडता सोमेश्वर म्हणाला. त्रिंबकची पावलं आधी हळू, मग पळत दूर जाताना त्याला ऐकू आली. मग आरोळ्या, मग पेटी वर चढवल्याचा पत्र्याचा आवाज.

मृत्युंजय त्याच्या गुडघ्याशी बसला होता. त्यानं गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला. सूज नव्हती, खरचटलंही नव्हतं. त्याचा चेहरा बदलला.

"तुला काय झालं न्हाई," तो हळूच म्हणाला. "सोम्या, तू पडलास कावून? संघ संपवलास तू. बोट तुटलं माझं, अन् तू..."

सोमेश्वरच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं वाहत होतं. मृत्युंजयनं मान वर करून सडकेकडं पाहिलं. ट्रक अजून उभा होता. त्रिंबक फळीला धरून, पुढं वाकून मैदानाकडं बघत होता, सोम्याचा पाय खरंच गेला का हे निरखत, उतरावं की नाही अशा बेतात. शेजारी साखराबाई.

मृत्युंजयनं सोमेश्वरचा पाय मांडीवर घेतला. मग त्यानं गळ्यातला टॉवेल काढला आणि वाकड्या बोटानिशी त्या धडधाकट गुडघ्याला करकचून बांधला.

"लई लागलंय बे ह्याला!" तो सडकेपर्यंत ऐकू जाईल असा ओरडला. "धरा रे!"

बाकीच्या चौघांनी एकदा टॉवेलकडं पाहिलं, एकदा ट्रककडं. पाचही जणांनी मिळून सोमेश्वरला उचललं आणि ट्रक चालू होऊन केजच्या सडकेला दिसेनासा होईपर्यंत खाली ठेवलं नाही.